रूथ आणि शेतातला सरवा


चर्चच्या तरुण संघात बायबल अभ्यासाला विषय हवाय?
रूथचं पुस्तक घ्या.
अवघे 4 अध्याय. एका बैठकीत वाचून होतात.

रूथ मवाबी. म्हणजे परकी.
त्यात तरुण विधवा.
सासू नामीबरोबर ती बेथलेहेमला येते.
दिवस सातूच्या कापणीचे.
पोटासाठी ती सरवा, म्हणजे कापणीत मागे पडलेल्या ओंब्या, वेचते.

मोशेच्या नियमशास्त्रात सरवा गरिबांचा, परक्यांचा हक्क होता.
हक्क, बरं का! भीक नव्हे.

शेतमालक बवाज आणखी पुढे जातो.
कापणाऱ्यांना सांगतो,
पेंढ्यांतल्या ओंब्या मुद्दाम गळू द्या.
तिला धमकावू नका.
दिलं, पण मिंधं केलं नाही!
मला हे फार आवडतं.

मुलांना इथेच थांबवा. विचारा,
आपल्या गावात परकं कोण?
ऊसतोडीला आलेलं कुटुंब?
त्यांच्या हक्काचा सरवा कुठे आहे?
हक्काचा. भीक नव्हे.