येझदी, बावनदीचा उतार आणि ट्यूनिंगचा खरा अर्थ

हा एपिसोड ज्यांना वाचायला आवडतो त्यांच्यासाठी बोललेलं जसंच्या तसं इथे टाकतोय. थोडी 'म्हणजे', 'तर' ची गर्दी कमी केलीय, बाकी तेच.

आज कोड नाही, एपीआय नाही. आज गाडी. आमच्या घरात १९८६ ची येझदी रोडकिंग आहे. बाबांची. मी बीटेक करून पुण्यात नोकरीला लागलो, मग वर्क फ्रॉम होम घेऊन रत्नागिरीला परत आलो, आणि ही गाडी माझ्या वाट्याला आली. तिच्यावर मी जो 'हुशारपणा' केला, त्यात बाबा आणि मी दोघेही थोडक्यात वाचलो. ती गोष्ट आधी सांगतो, मग दुरुस्तीकडे येतो.

आधी दोन मिनिटं इतिहास. म्हैसूरमध्ये आयडियल जावा नावाची कंपनी होती. १९६१ पासून तिथे चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या परवान्यावर गाड्या बनायच्या. नंतर त्याच गाड्या येझदी नावाने यायला लागल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. आणि किकचा दांडा हाच गियरचा दांडा! गाडी सुरू झाली की तोच फिरवून खाली घ्यायचा आणि गियर टाकायचे. पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास चक्रावतो. २०२२ मध्ये येझदी हे नाव बाजारात परत आलं, पण नवीन गाडी फोर स्ट्रोक आहे, जुन्या गाडीला तिचा एकही इंजिनाचा पार्ट लागत नाही. त्यामुळे 'शोरूममध्ये मिळेल' ही आशा सोडा.

बाबा ही गाडी घेऊन गावोगाव फिरायचे. आंब्याच्या सीझनला मागे पेट्या बांधून जांभ्याच्या पाखाडीवरून, चढणीवरून, पऱ्ह्यातून. मला लहानपणी वाटायचं, ही गाडी कुठेही चढते. त्याचं कारण मला खूप उशिरा कळलं.

तर गेल्या वर्षी मी काय केलं? यूट्यूबवर दोन-चार व्हिडिओ बघितले. एअर फिल्टरचा डबा काढून टाकला आणि उघडा फिल्टर बसवला. दोन्ही सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या काढल्या. आवाज एकदम खतरनाक! बाबांनी फक्त विचारलं, "जेट बदललास का?" मी म्हटलं, "बाबा, चालतेय की मस्त." ते गप्प बसले.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे निवळीहून बावनदीकडे उतरत होतो. मी पुढे, बाबा मागे. घाटाचा उतार, थ्रॉटल पूर्ण बंद, तिसऱ्या गियरवर इंजिन गाडी धरून होतं. आणि एकदम कर्रर्र आवाज आला, मागचं चाक जाम. गाडी आडवी व्हायला लागली. मागे ट्रक. मला काही सुचलंच नाही. मागून बाबा ओरडले, "क्लच दाब!" हात आपोआप दाबला गेला, चाक सुटलं, गाडी सरळ झाली आणि आम्ही कडेला घरंगळत गेलो. ट्रक हॉर्न वाजवत बाजूने गेला.

बाबा उतरले. रस्त्याकडेच्या दगडावर बसले. काही बोलले नाहीत. गाडी टेम्पोत घालून घरी आणली. त्या रात्री आई म्हणाली, "विकून टाका ती." आणि बाबांनी सकाळी खरंच एका ओळखीच्या माणसाला फोन केला. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी त्यांच्याकडे एक पावसाळा मागून घेतला. म्हटलं, "दसऱ्यापर्यंत थांबा. नाही जमलं तर मीच गिऱ्हाईक आणतो."

आता, झालं काय होतं? आमच्या गाडीच्या टू स्ट्रोक इंजिनाला वेगळं ऑइल पंप करून मिळत नाही. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. मी लिटरला ४० मिली घालतो, म्हणजे २५ ला १. पिस्टनला, रिंगला, क्रँकच्या बेअरिंगला जे काही वंगण मिळतं ते पेट्रोलसोबतच येतं. म्हणजे पेट्रोल कमी तर ऑइलही कमी. हे एक वाक्य लक्षात ठेवा, सगळी गाडी त्यात आहे.

मी उघडा फिल्टर लावला, म्हणजे हवा जास्त. जाळ्या काढल्या, म्हणजे धूर बाहेर पडायची पद्धत बदलली. जेट तेच, म्हणजे पेट्रोल तेवढंच. मिश्रण पातळ झालं. त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेच जेट आणखी पातळ चालतं. पातळ मिश्रण जास्त तापतं. ॲल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो. आणि सगळ्यात शेवटी घाटाचा उतार: इंजिन जोरात फिरतंय, थ्रॉटल बंद, म्हणजे पेट्रोल जवळपास नाही, म्हणजे ऑइल नाही. पिस्टन चिकटला.

जुने लोक घाटात उतरताना मधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल थोडा फिरवायचे ना? मला वाटायचं शायनिंग मारतायत. ते इंजिनाला ऑइल पाजत होते!

मग मी गेलो मेस्त्रीकाकांकडे. वय झालंय, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, स्वतः काम करत नाहीत. पण बसून सांगतात. त्यांनी प्लग बघितला. पांढराफटक, खडूसारखा. म्हणाले, "हा प्लग पंधरा दिवस तुला सांगत होता. तू बघितलास का?" नव्हता बघितला. माझ्या भाषेत सांगायचं तर लॉगमध्ये एरर येत होती आणि मी लॉग उघडलाच नव्हता.

मग नियम ठरला. सगळं मूळ जागेवर न्यायचं, रोलबॅक. आणि त्यानंतर एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदल वहीत लिहायचा: तारीख, काय केलं, प्लगचा रंग, गाडी कशी वागली. मी फिल्टर आणि सायलेन्सर एकाच दिवशी बदलले होते. ऑफिसमध्ये एखाद्या ज्युनियरने असं केलं असतं तर मीच त्याला झापलं असतं.

सिलिंडर कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवून बोअर करून आणला आणि ओव्हरसाइज पिस्टन घातला. इंजिन उघडलंच होतं, म्हणून क्रँकची दोन्ही ऑइल सील बदलली. ही सील महत्त्वाची, कारण टू स्ट्रोकमध्ये क्रँकची पेटी हाच पंप असतो. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की सील कडक होतात. डावीकडचं, क्लचच्या बाजूचं गेलं तर गियर ऑइल आत ओढलं जातं. पांढरा धूर निघतो आणि गियर ऑइल कमी होत जातं. उजवीकडचं, डायनॅमोच्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत येते आणि मिश्रण पातळ होतं. धूर दिसतो तरी, हवा दिसत नाही. म्हणून उजवीकडचं जास्त धोक्याचं.

मग पॉइंट. डायनॅमोच्या झाकणाखाली असतात. पूर्ण उघडल्यावर गॅप साधारण ०.४ मिमी, फीलर गेज लावून. टायमिंग बघायची मेस्त्रीकाकांची युक्ती: पॉइंटमध्ये पतंगाच्या कागदाचा तुकडा धरायचा, चाक हळूहळू फिरवायचं, कागद जिथे सुटतो तिथे ठिणगी पडते. पिस्टन त्या वेळी वरच्या टोकापासून किती मिमी खाली आहे ते प्लगच्या भोकातून डायल गेज टाकून मोजायचं आणि आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलशी जुळवायचं. कागद फुकट, डायल गेज उसनं.

जेट सगळ्यात शेवटी. मूळ फिल्टर परत बसवूनही मी मेन जेट एक नंबर मोठा घेतला, ते इथेनॉलसाठी. मग सपाट रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल, तिथेच इंजिन बंद, क्लच दाबून कडेला, प्लग काढून बघायचा. पांढरा म्हणजे पातळ, काळा ओला म्हणजे जाड. मला हवा होता भाजलेल्या काजूचा रंग. तिसऱ्या प्रयत्नात आला. रस्ता मोकळा बघूनच करा हे, आणि हातमोजे घाला, प्लग भयंकर तापलेला असतो.

आता त्या जुन्या प्रश्नाकडे. ही गाडी पाखाडीवर कशी चढायची? याचं उत्तर मला एका वेगळ्याच खेळात सापडलं. त्याला ट्रायल्स म्हणतात. दगड, ओढे, चिखल यातून गाडी न्यायची, वेगाला किंमत नाही, पाय जमिनीला टेकला की दंडाचा गुण. स्कॉटलंडमध्ये सहा दिवसांची ट्रायल १९०९ पासून होते. तिथे अनेक वर्षं जड फोर स्ट्रोक गाड्यांचं राज्य होतं. १९६५ मध्ये सॅमी मिलर हा रायडर बुल्टॅको नावाच्या स्पॅनिश कंपनीची हलकी टू स्ट्रोक गाडी घेऊन आला आणि जिंकला. त्या जुन्या ट्रायल्स गाड्या आजही जपणारे लोक आहेत आणि त्यांचं ट्यूनिंग आपल्या कल्पनेच्या बरोबर उलटं असतं. टॉप स्पीड नको. इंजिन अगदी हळू फिरतानाही बंद पडू नये, थ्रॉटल केसभर उघडला तर केसभरच ताकद यावी. त्यासाठी जड फ्लायव्हील, लहान पुढचं स्प्रॉकेट, आणि खालच्या थ्रॉटलवर स्वच्छ कार्बोरेटर.

ऐकून ओळखीचं वाटलं. बाबांनी पुढचं स्प्रॉकेट एक दात लहान बसवून घेतलं होतं! मी कुचेष्टा करायचो, 'पळत नाही गाडी' म्हणून. पेट्या घेऊन पाखाडी चढणाऱ्या माणसाला ऐंशीचा वेग कशाला हवा होता? गाडी तीस वर्षं त्यांच्या कामासाठी ट्यून झालेली होती. मी ती माझ्या कानासाठी बदलली.

जाता जाता कोकणात राहणाऱ्यांसाठी. आपल्याकडे खारी हवा आणि चार महिने पाऊस. भाट्याच्या किंवा आरे-वारेच्या किनाऱ्याला गेलात तर घरी येऊन गोड्या पाण्याने धुवा, त्याच दिवशी. पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करा, टाकीत थोडं टू टी ऑइल घालून हलवा. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते टाकीच्या तळाशी बसतं. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाका, आठवड्याला एकदा हलक्या हाताने किक फिरवा. सायलेन्सरच्या जाळ्या कार्बनने भरतात, त्या काढून साफ करा आणि परत बसवा. परत बसवा, हं!

आणि कागदपत्रं. कायद्याने व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी, हा नियम २०२१ मध्ये आला. आमची त्यात बसत नाही. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसी रिन्यू करावी लागते, ती तारीख चुकवू नका.

दसऱ्याला गाडी पुजली. बाबांचा गुडघा दुखतो, किक त्यांना जमत नाही. मी किक मारली, दुसऱ्या किकला सुरू झाली. मग मी उतरलो आणि म्हटलं, "तुम्ही घ्या." ते पुढे बसले, मी मागे. भाट्याच्या पुलापर्यंत गेलो. उताराला त्यांनी क्लच दाबून थ्रॉटल दोनदा फिरवला आणि मागे न बघता म्हणाले, "ऐकतोयस ना?"

घरी आल्यावर त्यांनी त्या माणसाला फोन करून सांगितलं, गाडी विकायची नाही.

तर मंडळी, तुमच्या घरात, गोठ्यात, माडीखाली एखादी राजदूत, आरएक्स, येझदी उभी असेल तर यूट्यूबच्या आधी ती चालवलेल्या माणसाला विचारा, तो ही गाडी कशासाठी वापरायचा. आणि पहिला प्लग काढून बघा. रंग कोणता निघाला ते व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये बोलू. येतो मग!