वकिलीही शिका, पाण्याचं शास्त्रही शिका
(विहाराच्या वर्धापनदिनी यवत येथे केलेले भाषण)



आम्ही गिरणी कामगार. शाळा सातवीला सुटली. पुढचं शिक्षण पाळी संपल्यावर विहाराच्या वाचनालयात झालं. तेव्हा आम्ही विद्वत्ता सांगायला नाही, आमची एक फजिती सांगायला उभे आहोत.

काही वर्षांपूर्वी वस्तीजवळच्या ओढ्याला काळं, फेसाळ पाणी येऊ लागलं. विहिरीलाही वास सुटला. आम्ही पाच-सहा जणांनी बाटलीत पाणी भरलं, अर्ज लिहिला आणि एका कचेरीत नेऊन दिला. साहेब म्हणाले, "ही बाटली कोर्टात चालत नाही." राग आला. पण १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा मिळवून वाचला, तर साहेबांचंच खरं निघालं. नमुना मंडळाच्या माणसानेच, समोरच्याला नोटीस देऊन, रीतसर सील लावून घ्यावा लागतो. नाहीतर त्याचा अहवाल पुरावा ठरत नाही.

मग वकील गाठले. त्यांना कलमं पाठ, पण बी.ओ.डी. म्हणजे काय ते ठाऊक नाही. विज्ञानाचे मास्तर गाठले. त्यांनी समजावलं, की पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात त्याचं ते माप. पण त्यांना कलम ठाऊक नाही. हरित न्यायाधिकरणात दाद मागायची मुदत सहा महिन्यांची, सबळ कारण असेल तर वर साठ दिवस. दोघांकडे चकरा मारण्यातच ती निघून गेली.

बंधूंनो, २०१० च्या कायद्याने झालेल्या या न्यायाधिकरणात न्यायाधीश आणि शास्त्राचे तज्ज्ञ शेजारी शेजारी बसतात. त्याचं एक पीठ आपल्या पुण्यातच आहे. तिथे दोन्ही विद्या लागतात. आमच्याकडे एकही पुरी नव्हती.

बाबासाहेबांनी लंडनला अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी सोबतच केली. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी घेतलं. विरोधक तळं खाजगी असल्याचा दावा घेऊन कोर्टात गेले. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ ला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं कोर्ट! आणि तेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना दामोदर नदीची योजना पुढे नेत होते. पाण्याचा हक्कही त्यांचा, पाण्याचं नियोजनही त्यांचंच.

मुलांनो, वाट अवघड नाही. आधी पर्यावरणाची पदवी घ्या, मग तीन वर्षांची वकिली करा. किंवा बारावीनंतर पाच वर्षांची वकिली करून पर्यावरणाचा अभ्यास जोडा. वकिलीत पर्यावरण कायद्याचा पेपर असतोच. पाणी तपासायचं शास्त्र मात्र वेगळं शिकावं लागतं. भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, अर्ज वेळेत भरा.

आणि आयाबायांनो, पोरगी म्हणाली, "मला नदीचं शिकायचंय," तर हसू नका. मुळा-मुठा पुण्याची घाण घेऊन आपल्याच तालुक्यातून भीमेला मिळते. आमची बाटली टेबलावरून परत आली. पुढच्या वेळी नमुना कसा घ्यायचा, हे साहेबांना आपल्या पोरीने सांगितलं पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!