येशूचे दृष्टांत आणि ख्रिस्ती मंडळीचें काम

(मंडळाच्या साहाय्यार्थ भरलेल्या सभेंत झालेलें भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनीं आजच्या सभेंत आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां आम्ही दुष्काळाविषयींच बोलावें अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु पावसाची तूट, चाऱ्याची स्थिति व धान्याचे भाव यांची माहिती आपणां व्यापाऱ्यांस व शेतमालकांस आमच्याहून अधिक आहे. सबब आम्ही निराळा विषय घेतला आहे. येशू ख्रिस्तानें जे दृष्टांत सांगितले, त्यांवरून त्याच्या नांवानें चालणाऱ्या संस्थेविषयीं, म्हणजे ख्रिस्ती मंडळीविषयीं, काय बोध होतो, हें आम्हांस पाहावयाचें आहे. आम्ही त्या धर्माचे अनुयायी नाहीं. महाविद्यालयांत असतां तीं शुभवर्तमानें वाचण्यांत आलीं. पुढें तीस वर्षें दस्तऐवज वाचण्याचा धंदा केला, आणि त्या संवयीनें तीं पुन्हां उघडलीं तेव्हां त्यांतील कांहीं कलमें फार नेमकीं भासलीं. विषय या सभेस अप्रस्तुत नाहीं, हें थोड्या वेळांत आपल्या ध्यानांत येईल.

प्रथम शब्दाचा विचार. मराठी शास्त्रांत ज्यास ‘मंडळी’ म्हटलें आहे, त्यास मूळ ग्रीकांत ‘एक्लेसिया’ असा शब्द आहे. नागरिकांस हांक मारून भरविलेल्या सभेस ग्रीक नगरांत हाच शब्द वापरीत. चारी शुभवर्तमानें धुंडाळलीं तरी तो एकट्या मत्तयाच्या ग्रंथांत सांपडतो. तोहि सोळाव्या व अठराव्या अध्यायांत मिळून तीनच वेळां. आणि त्यांतील एकहि स्थळ दृष्टांतांतलें नाहीं. दृष्टांतांत येतें तें ‘स्वर्गाचें राज्य’, आणि त्याचीं चित्रें म्हणजे शेत, जाळें, मोहरीचा दाणा, पिठांत लपविलेलें खमीर, मेजवानी, द्राक्षमळा. मंडळीनें पुढें हीं बहुतेक चित्रें स्वतःचींच मानलीं. संस्थांचें असें होतेंच. दस्तऐवजांत जेथें ‘धनी’ लिहिलें आहे तेथें कारभारी हळूहळू आपलें नांव वाचूं लागतो. मोहरी व खमीर यांत तिनें आपल्या वाढीचें भाकित वाचलें. तें वाचणें सोपें होतें, म्हणून आम्ही त्यावर वेळ घालवीत नाहीं. कठीण कलम आहे तें निदणाचें.

एका मनुष्यानें आपल्या शेतांत चांगलें बीं पेरलें. लोक निजले असतां त्याचा वैरी आला आणि गव्हांत निदण पेरून गेला. हें निदण म्हणजे आपण खुरप्यानें काढतों तें साधें तण नव्हे. ती गव्हासारखीच दिसणारी एक जात आहे. ओंबी धरेपर्यंत दोहोंतील भेद शेतकऱ्यासहि सहज कळत नाहीं, मुळ्या मुळ्यांत गुंततात, आणि दाणे पिठांत आले तर खाणारास भोंवळ येते. वैऱ्याचें कृत्य केवळ कथेसाठीं रचलेलें नसावें. जस्टिनियन बादशहानें 533 सालीं जारी केलेल्या रोमन कायद्याच्या संग्रहांत अल्पियन या विधिज्ञाचें मत दिलें आहे. दुसऱ्याच्या पिकांत असें बीं टाकणारावर नुकसानीचा दावा चालतो, असें त्याचें म्हणणें. ज्या अर्थीं दावा चालतो, त्या अर्थीं असे वैरीहि असावेत.

चाकर येऊन धन्यास विचारतात कीं, आम्ही जाऊन तें उपटूं काय? धनी नाहीं म्हणतो. निदणाबरोबर गहूंहि उपटला जाईल. कापणीपर्यंत दोन्ही वाढूं द्या, मग कापणारांस काय तें सांगेन. येथें चाकरांची निष्ठा वाईट नव्हती, त्यांस शेत स्वच्छ हवें होतें. तथापि धन्यानें जें काम त्यांस नाकारलें तें हेंच, निवड करण्याचें. कापणारे हे चाकरांहून निराळे, हेंहि कथेंत स्पष्ट आहे. आमच्या धंद्याच्या भाषेंत सांगावयाचें तर चाकरांस त्या बाबतींत अधिकारच नव्हता.

या एका कलमाचा अर्थ लावतांना उत्तर आफ्रिकेंत मोठा वाद माजला. 303 सालीं डायोक्लीशियन बादशहानें ख्रिस्ती ग्रंथ जप्त करून जाळण्याचा हुकूम सोडला. कांहीं धर्माधिकाऱ्यांनीं भीतीनें ग्रंथ हवालीं केले. संकट टळल्यावर प्रश्न निघाला कीं, असल्या भ्रष्ट हातांनीं दिलेलें पद व संस्कार खरे मानावे काय? ज्यांनीं नाहीं म्हटलें ते वेगळे झाले, आणि डोनाटस नांवाच्या पुढाऱ्यावरून त्यांस डोनाटी हें नांव पडलें. शंभर वर्षें दोन्ही मंडळ्या गांवोगांव एकमेकींसमोर उभ्या होत्या. अखेर 411 च्या जून महिन्यांत कार्थेज नगरांत मार्सेलिनस या बादशाही अंमलदारापुढें सुनावणी झाली. पांचशेंहून अधिक बिशप जमले होते, आणि लेखक प्रत्येकाचें बोलणें टिपून घेत होते. ऑगस्टिनच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, मंडळीच्या शेतांत गहूं व निदण कापणीपर्यंत एकत्र राहणारच; कोणी अशुद्ध आहे म्हणून वेगळी चूल मांडण्याचा अधिकार कोणास नाहीं. डोनाटींचा जबाब मोठा नेमका होता. येशूनें स्वतःच दृष्टांताचा उलगडा करतांना शेताचा अर्थ जग असा दिला आहे, मंडळी असा दिलेला नाहीं! केवळ शब्दांकडे पाहिलें तर हा मुद्दा बिनतोड आहे. आम्ही त्यांचे वकील असतों तर याच मुद्यावर ठाण मांडून बसलों असतों. जाळ्याच्या दृष्टांताबाबत मात्र त्यांस थोडें मागें सरावें लागलें. जाळें पाण्यांत असतें तोंवर कोळ्यास बरेवाईट मासे दिसत नाहींत. तसे छुपे पापी मंडळींत असूं शकतील, एवढें त्यांनीं मान्य केलें. निकाल ऑगस्टिनच्या बाजूनें लागला.

खरी परीक्षा निकालानंतर झाली. निदण उपटूं नये, या मुद्यावर ज्यांनीं वाद जिंकला, त्यांच्याच बाजूनें 412 मध्यें बादशाही फर्मान निघून डोनाटींवर ज्याच्या त्याच्या दर्जाप्रमाणें दंड बसविण्यांत आले. ऑगस्टिन आरंभीं सक्तीच्या विरुद्ध होता. पुढें त्यानें मत पालटलें, आणि आधार शोधला तोहि दृष्टांतांतच. लूकाच्या चौदाव्या अध्यायांत मेजवानीची कथा आहे. आमंत्रित लोक शेत, बैल व नवी बायको अशा सबबी सांगून येत नाहींत. मग यजमान गांवांतील दरिद्री, लंगडे, आंधळे बोलावतो, आणि तरीहि पंगतींत जागा उरते तेव्हां रस्त्यांवरच्या व कुंपणांजवळच्या लोकांस आग्रह करून आणावयास सांगतो. या आग्रहाचा अर्थ राजदंडाची सक्ती असा करण्यांत आला. भुकेल्यास पंगतीस ओढून आणण्याचा शब्द भिन्न मताच्या माणसास दंड करण्यास उपयोगीं पडला! 1685 मध्यें चौदाव्या लुईनें फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांचें संरक्षण काढून घेतलें, तेव्हां हेंच वचन पुन्हां पुढें आलें. त्याच वर्षीं ज्याचा भाऊ तुरुंगांत मरण पावला होता, त्या पियेर बेल या पंडितानें 1686 मध्यें त्या एका वचनावर ग्रंथ लिहिला. ज्या अर्थानें मनुष्यास अन्याय करण्याची आज्ञा मिळते तो अर्थ अक्षरांस धरून असला तरी खोटाच, असें त्याचें प्रतिपादन होतें. अर्थ लावण्याचा याहून चांगला नियम आम्ही कोणत्याहि कायद्याच्या पुस्तकांत वाचलेला नाहीं.

तर मग निवड करणें हें चाकरांचें काम नव्हे. त्यांचें काम तरी कोणतें? लूकाच्या बाराव्या अध्यायांत येशू धन्याची वाट पाहत जागे राहणाऱ्या चाकरांची गोष्ट सांगत असतां पेत्र मध्येंच विचारतो कीं, हा दृष्टांत आम्हांसाठीं, कीं सर्वांसाठीं? पेत्र म्हणजे ज्याच्या नांवावर रोमची मंडळी आपला अधिकार सांगते तोच. प्रश्न वकिलास आवडण्यासारखा आहे: हें कलम लागू कोणास? येशू सरळ उत्तर देत नाहीं. तो एका कारभाऱ्याचें चित्र काढतो. धनी त्यास घरच्या चाकरमाणसांवर नेमतो, तें कशासाठीं? वेळच्या वेळीं त्यांचा शिधा त्यांस देण्यासाठीं. मूळ शब्द ‘सितोमेत्रियॉन’, अक्षरशः धान्याचें माप. नेमणुकींत सांगितलेलें काम हें एवढेंच. आणि त्याचा गुन्हा कोणता वर्णिला आहे? धनी येण्यास उशीर लावतो असें पाहून तो चाकरांस व दासींस मारूं लागतो आणि स्वतः खाऊनपिऊन धुंद होतो. तिजोरी फोडल्याचा आरोप त्याजवर नाहीं. माप त्याच्या हातांत होतें आणि तें फिरलें नाहीं, हा आरोप आहे.

त्याच अध्यायांत, थोडें अगोदर, कोठारवाल्याची गोष्ट आहे. त्याची जमीन फार पिकली, म्हणून जुनीं कोठारें पाडून मोठीं बांधण्याचा त्यानें बेत केला, आणि त्याच रात्रीं तो मेला. चांगलें पीक येणें हा त्याचा दोष नव्हे. मोठें कोठार बांधणें हाहि व्यवहारांत दोष नव्हे, हें आपणांस सांगण्याचें कारण नाहीं. परंतु कथेंत तो बोलतो तें सारें स्वतःशींच. माझें पीक, माझीं कोठारें, माझा माल. दुसऱ्या मनुष्याचा उल्लेख म्हणून त्याच्या तोंडीं नाहीं.

कोठारवाला व कारभारी हीं दोन चित्रें एकमेकांशेजारीं ठेवून वाचणारा एक मनुष्य होऊन गेला, आणि तो दुष्काळांतच वाचीत होता. कप्पदोकिया प्रांतांत कैसरिया म्हणून नगर होतें. तुर्कस्तानांतील हल्लीचें कायसेरी तें हेंच. सुमारें 369 सालीं तेथें भयंकर अवर्षण पडलें. त्या प्रसंगाविषयीं नाझियान्झच्या ग्रेगरीचें निरीक्षण व्यापाऱ्यास तत्काळ पटेल. समुद्रकांठच्या नगरांस अशी तूट फारशी बाधत नाहीं, कारण तीं आपला माल देऊन बाहेरचें धान्य आणवितात. आंतल्या मुलखास शिल्लक बाहेर काढतां येत नाहीं आणि उणें भरून आणतां येत नाहीं. त्यांतून ज्यांच्याजवळ धान्य होतें ते भाव चढण्याची वाट पाहत होते. ग्रेगरीचा मित्र बासिल तेव्हां बिशप झाला नव्हता. तें पद त्यास 370 मध्यें मिळालें. मोठ्या जमीनदार घराण्यांतला, अथेन्समध्यें वक्तृत्वविद्या शिकलेला हा गृहस्थ कोठारवाल्याच्या दृष्टांतावर प्रवचनास उभा राहिला. धान्यासाठीं पोटचें मूल विकावयास निघालेल्या बापाचें त्यांत वर्णन आहे. कोणतें विकावें, थोरलें कीं धाकटें, याचा त्यास निर्णय होत नाहीं. आणि घेणारा मात्र भावाची घासाघीस करीत उभा आहे. धनिकास बासिल सांगतो कीं, तूं मालक नव्हेस, आपल्यासारख्याच इतर चाकरांचा शिधा वांटणारा कारभारी आहेस. दुसऱ्या एका प्रवचनांत तो तक्रार करतो कीं, पावसासाठीं प्रार्थनेस बोलावलें तर मोठीं माणसें आपापल्या धंद्यांत राहतात आणि शाळेंतलीं पोरें तेवढीं येतात. या तक्रारीस सोळाशेंहून अधिक वर्षें झालीं. ती फारशी जुनी झालेली नाहीं.

कोठारें उघडलीं. बासिलनें भुकेनें खंगलेले स्त्रीपुरुष, बालकें व वृद्ध एकत्र जमवून वाटाण्याच्या आमटीच्या व खारविलेल्या मांसाच्या कढया मांडल्या आणि स्वतः वाढावयास उभा राहिला, असें ग्रेगरी सांगतो. त्याच्या वर्णनांत वय व भूक यांखेरीज दुसरी वर्गवारी नाहीं.

आपल्या देशांत हा प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहिला. शिधा देणारा हात व दीक्षा देणारा हात एकच असेल तर घेणाऱ्याची संमति मोकळी कशी मानावी? अनुचित दडपणाखालीं दिलेली संमति 1872 चा कराराचा कायदा मोकळी मानीत नाहीं, आणि भुकेहून मोठें दडपण आम्हांस ठाऊक नाहीं. 1876 ते 1878 च्या दुष्काळांत हल्लीच्या आंध्र प्रदेशांतील ओंगोल येथें जॉन क्लफ हे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी होते. त्यांस जमिनीच्या मोजणीचें काम येत होतें. बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचा कांहीं मैलांचा मक्ता त्यांनीं स्वतः घेतला आणि भुकेल्यांस काम व मजुरी दिली. बाप्तिस्मा मागणारे पुष्कळ होते. क्लफ यांनीं बाप्तिस्मे तहकूब ठेवले, कारण पोटासाठीं कोणी मंडळींत यावें हें त्यांस नको होतें. दुष्काळ ओसरूं लागल्यावर 3 जुलै 1878 या एका दिवशीं 2,222 जणांस बाप्तिस्मा देण्यांत आला. त्यांत चामड्याचें काम करणाऱ्या मादिग समाजाचे लोक फार होते. हा आंकडा मिशनच्या जगांत फार गाजला. टीकाकार म्हणेल कीं, पोटाची कृतज्ञता दुष्काळाबरोबर संपत नाहीं. आणि त्यांत तथ्य आहे. तथापि आम्हांस त्या आंकड्यापेक्षां अगोदरची तहकुबी मोलाची वाटते. निदणाच्या कथेंतील धन्याचें सांगणें तिच्यांत पाळलें गेलें आहे, आणि कारभाऱ्याचें मापहि थांबलेलें नाहीं.

मेंढरांच्या व शेरडांच्या कथेंत शेवटीं निवड होते खरी, पण ती राजा करतो. आणि पुसतो तें भुकेल्याविषयीं, तान्हेल्याविषयीं, परक्याविषयीं. नवल हें कीं, उजवीकडचे काय आणि डावीकडचे काय, आपल्या खात्यावर काय मांडलें होतें हें दोघांसहि ठाऊक नव्हतें.

आतां एकच पात्र उरलें. शोमरोन्याची कथा आपण सर्वांनीं ऐकली असेल. वाटेंत लुटलेल्या मनुष्यास पाहून याजक व लेवी बाजूनें निघून गेले, आणि ज्यास यहूदी लोक परका व बाटलेला मानीत त्या शोमरोन्यानें त्यास उचललें. तिसऱ्या शतकांतील ओरिजेन या विद्वानानें एका वडील मनुष्याकडून ऐकलेला अर्थ नमूद केला आहे. त्या अर्थाप्रमाणें वाटेवरची उतारशाळा म्हणजे मंडळी. आम्हांस हा अर्थ फार विचार करण्यासारखा वाटतो, कारण त्यांत मंडळी ही वाटेवर थांबलेला उपकारकर्ता ठरत नाहीं. ती उतारशाळेचा रखवालदार ठरते. जखमी मनुष्य तिनें आणलेला नाहीं, पैसाहि तिचा नाहीं. शोमरोन्यानें दोन दिनार मोजून दिले. द्राक्षमळ्याच्या दृष्टांतांत मजुराचा दिवसाचा रोज एक दिनार ठरलेला आहे, त्यावरून ही रक्कम समजावी. वर तो म्हणाला कीं, अधिक खर्च झाला तर मी परत येतांना तुला देईन. म्हणजे खातें उघडें, जामीन कोणी नाहीं, आणि शब्द देणारा परका. आंत खाटेवर जखमी मनुष्य. दोन दिनार संपल्यावर त्या रखवालदारानें काय केलें, हें कथेंत सांगितलेलें नाहीं.