कारभार एकीचा, उपभोग सर्वांचा

(तंजावर येथील मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



घरगुती संगणकांविषयीच्या ह्या पुस्तकाचे भाषांतर करताना 'ॲडमिनिस्ट्रेटर' ह्या शब्दापाशी माझी लेखणी बराच काळ थबकली. आज पुष्कळ घरांत एक सामाईक साठवण-पेटी असते. घरातल्या सर्वांची छायाचित्रे, पत्रे, बँकेचे कागद, दवाखान्याचे अहवाल तीत राहतात. प्रत्येकाला निराळा कप्पा आणि निराळा परवलीचा शब्द असतो. परंतु ज्याने ती पेटी प्रथम चालू केली, त्याला सामान्यतः सारेच कप्पे उघडता येतात आणि इतरांचे परवलीचे शब्द बदलताही येतात. ह्या माणसाला मालक म्हणावे काय? मालक म्हटले की वाचण्याचा हक्कही ओघाने आला, असे वाटू लागते. म्हणून मी 'कारभारी' हा शब्द योजिला, आणि त्याला आधार ह्याच नगरीच्या इतिहासात मिळाला.

१८५५ साली दुसरे शिवाजी महाराज पुत्रावाचून वारले. पुढच्या वर्षी कंपनी सरकारने राजवाड्यातील चीजवस्तूंचा ताबा घेतला. राज्याचे काय आणि राणीवशाचे खासगी काय, हा भेद पाहिला नाही. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब मद्रासच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टात गेल्या. तेथे निकाल त्यांच्या बाजूने लागला. १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. राज्यसत्तेने केलेल्या कृत्याची चौकशी न्यायालयाच्या अधिकाराबाहेरची आहे, असे कारण दिले. अखेर १८६२ मध्ये सरकारनेच ती मिळकत विधवा राण्यांना परत केली. त्या हुकुमातील योजना पाहण्यासारखी आहे. व्यवस्था व ताबा ज्येष्ठ राणीकडे. पण इतर राण्यांना मिळकतीचा उपभोग घेता यावा अशी तजवीज करणे हे तिचे कर्तव्य. अर्थात एवढ्याने भांडण मिटले नाही. कारभाराची मर्यादा कोठे संपते, हा वाद मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८६८ साली त्यावर निर्णय झाला.

पेटीच्या कारभाऱ्याला तरी काय पाहावे लागते? जागा किती उरली, चकती खराब होत आहे काय, राखीव प्रत निघाली की नाही. ह्यांतल्या एकाही कामासाठी सुनेने माहेरी लिहिलेले पत्र उघडावे लागत नाही. लहान मुलांची गोष्ट निराळी. त्यांच्यावर आईबापांनी लक्ष ठेवावे, परंतु त्यांना सांगून. सज्ञान माणसांच्या बाबतीत मात्र 'मी पेटी विकत घेतली' हे उत्तर मला पटत नाही. घर सासऱ्यांनी बांधले म्हणून सुनेच्या ट्रंकेची किल्ली त्यांच्या कमरेला नसते.

येथे कायदा फारसा उपयोगी पडत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली जो कायदा झाला, त्याने व्यक्तीने खासगी वा घरगुती कारणासाठी केलेला वापर आपल्या कक्षेबाहेर ठेवला. म्हणजे उंबरठ्याच्या आत घरच्यांनीच ठरवावयाचे.

उपाय यंत्रातच आहे. कप्प्यातील मजकूर सांकेतिक लिपीत बंद करून किल्ली केवळ वापरणाऱ्यापाशी ठेवता येते. मग कारभाऱ्याला त्या कप्प्याचा आकार कळतो, बंद स्थितीतच त्याची प्रतही काढता येते. आतले मात्र वाचता येत नाही. धोका एकच, आणि तो तंजावरकरांना सांगावयास नको. राजवाड्याचे मोडी कागद कोणी कुलपात घातले नव्हते. मोडी वाचणारे विरळ झाले आणि ते आपोआप बंद झाले. तमिळ विद्यापीठाने त्यांतील काहींची तमिळ भाषांतरे छापली, म्हणून तेवढे उघडले. आपल्यापैकी किती घरांत पणजोबांचे मोडी दप्तर आहे आणि ते वाचणारे कोणी नाही, हे आपणच मोजावे! सांकेतिक कप्प्याची किल्ली हरवली, तर असा भाषांतरकारही मिळावयाचा नाही. म्हणून ती किल्ली कागदावर लिहून, पाकिटात मोहोरबंद करून, कारभारी सोडून घरातल्या दुसऱ्या कोणापाशी द्यावी, आणि पाकीट केव्हा फोडावयाचे तेही त्याच्यावर लिहून ठेवावे.