औषध नाही, तपासणी आहे
(रेल्वे कामगारांच्या शाखा सभेतील भाषण)



आज विषयपत्रिकेवर महागाई भत्ता नाही, बोनस नाही, रिक्त जागाही नाहीत. आज आजारपणावर बोलायचे आहे. आमच्या कचेरीत अधूनमधून असा सभासद येतो की ज्याला डॉक्टरांनी रक्ताचा कॅन्सर असल्याचे सांगितले आणि त्याच दमात, "सध्या औषध नाही, तीन महिन्यांनी या," असेही सांगितले. तो घरी जायच्या आधी युनियनच्या कचेरीत येतो. म्हणतो, भाऊ, पैसा वाचवायला आम्हाला वाऱ्यावर सोडले, तुम्ही वर पत्र लिहा.

पत्र लिहायला आम्ही केव्हाही तयार आहोत. पण आम्ही पडलो मॅट्रिक शिकलेले, म्हणून आधी जाणत्या डॉक्टरांना भेटून विषय समजून घेतला. समजले ते असे की ह्या एका जातीच्या आजारात औषध न देणे हीच योग्य रीत आहे.

ह्या आजाराचे नाव क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल. रक्तातील लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी हळूहळू वाढत जातात. बहुधा पन्नाशी-साठीनंतर होतो. पुष्कळदा काही त्रास नसतो. हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासले आणि आकडा वाढलेला दिसला, असे होते. नावात सारखेपणा असलेला दुसरा आजार आहे, सीएमएल. त्यात गोळी लगेच सुरू करतात. शेजारच्या क्वार्टरमधल्याला गोळी मिळाली आणि मला नाही, ह्या तक्रारीचे मूळ अनेकदा ह्या एका अक्षरात असते.

सीएलएलच्या पायऱ्या ठरवणारे डॉ. कांती राय हे मूळचे जोधपूरचे. 1975 साली अमेरिकेत त्यांनी शून्य ते चार अशा पायऱ्या लावल्या. शून्य म्हणजे नुसता आकडा वाढलेला. पुढे गाठी, मग प्लीहा किंवा यकृत वाढणे, मग हिमोग्लोबिन उतरणे, शेवटी प्लेटलेट एक लाखाच्या खाली जाणे. खालच्या पायरीवर लवकर औषध दिले तर माणूस जास्त जगतो का, हे फ्रान्समध्ये दीड हजारांवर रुग्णांत पाहिले गेले. 1998 साली निकाल छापला. आजार पुढे सरकणे लांबले, पण आयुष्य वाढले नाही. अलीकडच्या इब्रुटिनिब गोळीबाबत जर्मन डॉक्टरांनी हाच प्रश्न घेतला, तेव्हाही आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. औषधाचा त्रास मात्र पहिल्या दिवसापासून असतो. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना जन्मभर उपचार लागतच नाहीत.

हे ऐकून डोक्याचे समाधान होते. पण रात्री दोन वाजता जाग येते त्याचे काय? खरी अडचण तेथे आहे.

आमच्या एका लोको शेडमधील फिटरचे उदाहरण घ्या. वय चौपन्न. डॉक्टरांनी त्याला सांगितले की रात्री घाम येतो का, थकवा येतो का, वजन उतरते का, एवढ्यावर लक्ष ठेवा. आता भुसावळचा मे महिना! तेथे रात्री घाम न येणारा माणूस दाखवा. थकव्याचे म्हणाल तर लागोपाठ नाईट ड्युटी केल्यावर पंचविशीतला पोरगाही थकतो. ह्याने वही केली आणि रोज लिहू लागला. महिन्यात वही भरली, झोप उडाली. बायको विचारी, "आज कसं वाटतंय?" आणि हा चिडे. आजाराने त्याला काहीच केले नव्हते, वाट पाहण्याने अर्धा केला होता.

आम्ही त्याच्याबरोबर मोठ्या इस्पितळात गेलो आणि डॉक्टरांना विचारले की घाम म्हणजे किती घाम? त्यांनी नीट सांगितले. पंख्याखाली, थंडीतही कपडे आणि चादर बदलावी लागेल इतका घाम, आणि तो महिनाभराहून जास्त. वजन म्हणजे सहा महिन्यांत दहा टक्के. सत्तर किलोच्या माणसाचे सात किलो, तेही खाणे कमी न करता. थकवा म्हणजे नेहमीची कामे उरकेनाशी होणे. हिमोग्लोबिन दहाच्या खाली, प्लेटलेट एक लाखाच्या खाली, किंवा सहा महिन्यांच्या आत लिम्फोसाइट दुप्पट. पांढऱ्या पेशींचा नुसता आकडा मोठा आहे, एवढ्यावरून औषध सुरू करत नाहीत. ह्या फिटरने वही टाकली नाही, पण आता तो दर रविवारी एकदा वजन लिहितो, मानेत, काखेत, जांघेत गाठ चाचपतो आणि वही मिटतो. झोप अजून पुरती आलेली नाही. येईल असे वचन आम्ही देत नाही.

तापाचे मात्र वेगळे आहे. ह्या आजारात शरीराची लढण्याची ताकद कमी होते. 100.4 फॅरेनहाइटवर ताप गेला तर रविवारची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणखी एक. ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणे, मानेला गाठ ही सारी क्षयरोगाचीही लक्षणे आहेत, आणि आपल्या देशात क्षयरोग काही थोडा नाही. कॅन्सर आहे तर त्यामुळेच असेल, असे धरून बसू नका. थुंकी तपासून घ्या. फ्लू आणि न्यूमोनियाची लस घेण्याबद्दल विचारा. जिवंत जंतूंची लस मात्र घ्यायची नाही.

आता नोकरीचे. रनिंग स्टाफमधील मंडळी आजार लपवतात. मेडिकल डिकॅटेगराइज झालो तर काय, ही धास्ती असते. नियम असा आहे की आधीच्या पदासाठी वैद्यकीय दृष्ट्या अपात्र ठरलेल्या कर्मचाऱ्याला पगार राखून पर्यायी काम द्यायचे, आणि ते मिळेपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवायचे. हे पाळून घेणे आमचे काम. पण लपवलेल्या माणसासाठी आम्ही भांडणार कसे?

एका ठिकाणी सुपरवायझरने तपासणीची रजा नाकारली. म्हणे, औषध चालू नाही तर आजारी कसला? आम्ही कॅन्सर रुग्णांच्या प्रवास सवलतीचा नियम त्याच्यासमोर ठेवला. त्यात उपचारासाठी आणि नियतकालिक तपासणीसाठी, असे दोन्ही लिहिले आहे. रेल्वेनेच तपासणी मानली आहे, तर तुम्ही कोण न मानणारे? रजा मिळाली. वाराणसीचे रेल्वेचे कॅन्सर इस्पितळ 2018 साली टाटा मेमोरियलकडे गेले. तिकडच्या आपल्या मराठी सभासदांनी हेही ध्यानात ठेवावे की ते आता होमी भाभा कर्करोग रुग्णालय ह्या नावाने चालते.

सोबत्यांनाही सांगणे आहे. अशा माणसाला रोज "कसं आहे?" विचारू नका आणि त्याच्या वाटची ड्युटी दयेने काढूनही घेऊ नका. रक्ताच्या रिपोर्टच्या दिवशी मात्र एकाने त्याच्याबरोबर जावे. रिपोर्टच्या आधीचे दोन-चार दिवस सर्वांत वाईट जातात, असे सगळेच सांगतात.

शेवटचा प्रश्न एका भगिनीने चिठ्ठीवर लिहून पाठवला आहे. मुलीचे लग्न ठरते आहे, वडिलांचा आजार सांगावा काय? हा आजार शिवल्याने, जेवल्याने लागत नाही. जवळच्या नात्यात थोडी अधिक शक्यता असते, पण बहुतेकांच्या मुलांना तो होत नाही, आणि धडधाकट मुलांची त्यासाठी तपासणी करा असे डॉक्टर सांगत नाहीत. सांगायचे की नाही हे त्या घराने ठरवावे. सांगायचे ठरले आणि समोरची मंडळी बिथरली, तर आम्हाला बोलवा. डॉक्टरांकडून समजून घेतलेले हे सर्व आम्ही त्यांच्या ओसरीवर बसून पुन्हा सांगू.