छातीच्या चित्रांतील ठिपके

क्ष-किरणांनीं घेतलेलें छातीचें चित्र श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं खिडकीच्या उजेडासमोर धरून पाहिलें असेल, आणि त्यांतील एखाद्या पांढुरक्या ठिपक्यानें त्यांच्या पोटांत गोळाही उठला असेल. "फुप्फुसावर डाग आहे" एवढे शब्द कानीं पडले, कीं घरांत क्षयाचें नांव कुजबुजलें जातें. मुलीचें लग्न जमावयाचें असल्यास तें चित्र कपाटाच्या तळाशीं जातें. वस्तुतः डाग हें रोगाचें नांवच नव्हे. ती एक छाया असते, आणि ती कशाची हें चित्रावरून नेहमींच ठरवितां येतें असें नाहीं.

जर्मनींतील वुर्ट्‌सबुर्ग येथें विल्हेल्म राँटगेन यांना १८९५ च्या नोव्हेंबरांत जे किरण आढळले, ते हवेंतून सहज पार होतात आणि हाडांत अडतात. निरोगी फुप्फुस हवेनें भरलेलें असल्यामुळें चित्रांत काळें दिसतें. बरगड्या व हृदय पांढरीं. ज्या जागीं हवेऐवजीं पू, पाणी, रक्त किंवा घट्ट गांठ येते, ती जागा पांढरी होते. पण पू कोठें आणि रक्त कोठें, हें त्या पांढरेपणावरून बहुधा सांगतां येत नाहीं, कारण हे पदार्थ किरणांना जवळजवळ सारखेच अडवितात. म्हणून जाणता डॉक्टर छायेच्या रंगाहून तिची जागा, कडा व शेजार यांकडे अधिक पाहतो. छातीची एक बाजू सबंध पांढरी असेल, तर तो प्रथम श्वासनलिका शोधतो. ती पांढऱ्या बाजूकडे ओढली गेली असल्यास तेथील फुप्फुस आकसलें असावें. उलट बाजूस ढकलली गेली असल्यास पाणी सांचल्याचा संभव अधिक.

सर्वांत मोठा चकवा बारीक ठिपक्यांचा. दोन्ही फुप्फुसांवर भरडधान्याचे दाणे उधळावे तसे एक ते तीन मिलिमीटरचे ठिपके दिसले, तर रक्तावाटे पसरलेल्या क्षयाची शंका येते, व ती योग्यच आहे; हा क्षय उपचारांवांचून प्राण घेतो. मात्र १९४० सालीं, तेव्हांच्या मद्रास इलाख्यांतील मदनपल्ली येथील क्षयरुग्णालयांतून डॉ. फ्रिमोड्ट-मोलर व डॉ. बार्टन यांनीं एक निराळीच हकीकत प्रसिद्ध केली. क्षयासारख्या दिसणाऱ्या कांहीं रुग्णांच्या चित्रांत ठिपके होते, पण थुंकींत क्षयाचे जंतु सांपडत नव्हते, आणि रक्तांत इओसिनोफिल नांवाच्या पेशी बेसुमार वाढल्या होत्या. १९४३ सालीं वाइनगार्टन यांनीं 'लॅन्सेट' साप्ताहिकांत अशा ८१ रुग्णांचें वर्णन करून या विकाराला उष्णकटिबंधीय इओसिनोफिलिया हें नांव दिलें. डासांवाटे शिरलेल्या हत्तीरोगाच्या जंतांच्या सूक्ष्म पिलांविरुद्ध फुप्फुसांत उसळणारी ही प्रतिक्रिया आहे, हें पुढें कळलें. रात्रीं जोर करणारा खोकला, दम्यासारखी घरघर आणि रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्यें तीन हजारांहून अधिक इओसिनोफिल, ही त्याची खूण. डायइथाइलकार्बामेझीनच्या सुमारें तीन आठवड्यांच्या गोळ्यांनीं रुग्णास सहसा उतार पडतो. चित्र जवळजवळ तेंच. पण एकास महिनोन्‌महिने क्षयाचीं औषधें, तर दुसऱ्यास ह्या गोळ्या, आणि निवाड्याची दिशा दाखविली ती रक्ताच्या थेंबानें. नुसत्या थुंकीवरही येथें विसंबतां येत नाहीं, कारण रक्तावाटे पसरलेल्या क्षयांतही तींत पुष्कळदां जंतु सांपडत नाहींत.

वाचणाऱ्याचा डोळाही पारखून घ्यावा लागतो. १९४७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत पांच अनुभवी वाचकांपुढें १२५६ माणसांच्या छातीचीं चित्रें ठेवलीं असतां त्यांचें एकमेकांशीं जमलें नाहींच, पण चित्रें पुन्हां वाचतांना स्वतःच्या पहिल्या निकालाशींही विरोध आला. २०२१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें क्षयाच्या चाळणीसाठीं १५ वर्षांच्या व त्याहून मोठ्या व्यक्तींचीं चित्रें संगणकाकडून वाचून घेण्यास संमति दिली. संगणक थकत नाहीं हें खरें. तरी संशयितास वेगळें काढणें एवढेंच त्याचें काम, पुढील तपासणी चुकत नाहीं.

या सर्वांत फुकट मिळणारें साधन म्हणजे रुग्णाचें जुनें चित्र. बऱ्या झालेल्या क्षयाचा, चुना सांचून कठीण झालेला वण जन्मभर दिसूं शकतो. जुनें चित्र नसेल तर तोच नवा रोग समजला जाऊन औषधें पुन्हां सुरू होण्याचा धोका असतो. उलट, धूम्रपान करणाऱ्या पन्नाशींतील माणसाच्या फुप्फुसांत आज दिसणारी वाटोळी गांठ गेल्या वर्षाच्या चित्रांत नसेल, तर तिला जुना वण म्हणून सोडतां येत नाहीं, तिचें सी. टी. स्कॅन आणि जरूर तर सुईनें तुकडा काढून तपासणी विनाविलंब करावी लागते.