न दुखता वाहणारा कान

कान वाहायला लागला की घरोघरी लसणाची पाकळी टाकून तेल कोमट करतात. त्याने भागलं नाही, तर मेडिकलमधून थेंब येतात. तेल घालू नका, हे तर सांगतोच. पण मला आज बोलायचंय ते थेंबांनीही न सुकणाऱ्या कानाबद्दल.

क्षय म्हणजे छातीचा, असं आपण धरून चालतो. पण तोच जंतू पडद्यामागच्या मध्यकर्णातही घर करतो. घशातून मध्यकर्णाकडे एक बारीक नळी जाते, तिच्यातून तो वर चढतो. कधी रक्तातून पोचतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये हा जंतू दाखवला आणि वर्षभरात तो कानाच्या पुवातही सापडला. आजार विरळा आहे, शंभर जुनाट कानांत एखादाही नसेल. म्हणूनच तो कुणाच्या लवकर ध्यानात येत नाही.

हा कान ठणकत नाही. नुसता वाहतो, आणि ऐकू येणं मात्र झपाट्याने कमी होतं. तपासताना पडद्याला कधी दोन-तीन भोकं दिसतात, आत फिकट मांस वाढलेलं असतं. एखाद्याचं तोंड वाकडं होतं. घरचे लकवा समजतात. खरं तर चेहऱ्याची नस मध्यकर्णातल्या हाडातूनच जाते आणि ते हाड कुजत असतं.

थेंबांचा आणखी एक घोळ आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं औषध क्षयाच्या जंतूलाही थोडं दडपतं. कान जरा सुकतो, पुन्हा वाहतो आणि तपासणीत जंतू हाती लागत नाही. पुवात तो तसाही पुष्कळदा सापडत नाही. त्यासाठी वाढलेल्या मांसाचा तुकडा काढून तपासावा लागतो. तुकडा म्हटल्यावर माणसं कॅन्सरच्या धास्तीने उठून जातात. कृपा करून जाऊ नका. छातीचा एक्स-रे चांगला आला, तरी कानाचा क्षय असू शकतो.

उपचार गोळ्यांचा आहे: साधारणपणे दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात आणि नोंद झाली की पोषणासाठी महिना १००० रुपये खात्यात येतात. कान बहुधा सुकतो. गेलेलं ऐकू येणं सगळं परत येईलच, असं नाही. म्हणून उशीर नको.

आणि घरात पूर्वी कुणाला क्षय झाला असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. मुलीचं लग्न ठरायचंय म्हणून ते लपवू नका.